खाकी नाही, काठी नाही, आणि जायचं आरोपीच्या घरी: परिविक्षा अधिकाऱ्याचा कायदा समजून घेऊ

२०२४ च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरचा अपघात झाला, आणि 'बाल न्याय मंडळ' हे नाव महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचलं. अल्पवयीन आरोपीला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगणारा आदेश लोकांना झोंबला, आणि त्यावर बरीच चर्चा झाली. त्या चर्चेत एका माणसाचा उल्लेख मात्र फारसा कुठे आला नाही. अशा मंडळासमोर आलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी जाणारा, आईबापांशी, शेजाऱ्यांशी, शाळेतल्या बाईंशी बोलून अहवाल लिहिणारा हा माणूस म्हणजे परिविक्षा अधिकारी. महिला व बालविकास विभागाच्या भरतीच्या जाहिरातीत हे पद दिसलं की ओळखीतली मुलं मला विचारतात, "हे नक्की काय काम असतं? आणि मुलींसाठी सुरक्षित आहे का?"

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मी विधी सेवेच्या पॅनेलवर वकिली करते, त्यामुळे या लोकांचं काम जवळून बघायला मिळतं. त्यांच्या सुरक्षिततेची आणि अधिकारांची आपल्याकडे कुणी चर्चा करत नाही. अमेरिकेत तर यावर संसदेत वेगळं विधेयक आलं होतं. तो सगळा मामला मुळापासून समजून घेऊ.

परिविक्षा म्हणजे काय?

नोकरीला लागल्यावर पहिलं वर्ष-दोन वर्षं माणूस 'प्रोबेशनवर' असतो, हे आपल्याला माहीत आहे. काम नीट केलं तर कायम, नाहीतर घरी. परिविक्षा म्हणजे हाच प्रकार, फक्त शिक्षेच्या बाबतीत. गुन्हा सिद्ध झाला, पण न्यायालय म्हणतं, तुला आत्ता तुरुंगात पाठवत नाही. चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र, म्हणजे लेखी हमी, दे आणि घरी जा. अटी मोडल्या तर मूळ गुन्ह्याची शिक्षा आहेच.

दवाखान्याचं उदाहरण घ्या. प्रत्येक रुग्णाला डॉक्टर भरती करून घेत नाहीत. काहींना गोळ्या देऊन घरी पाठवतात आणि 'आठ दिवसांनी दाखवायला या' म्हणतात. घरी पाठवलेला रुग्ण गोळ्या घेतोय का, हे बघणारं कुणी नसेल तर त्या घरी पाठवण्याला अर्थ उरत नाही. ते बघणारा माणूस म्हणजे परिविक्षा अधिकारी.

आपल्याकडे यासाठी १९५८ चा अपराधी परिविक्षा अधिनियम आहे. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकत नाही, अशा गुन्ह्यात न्यायालय आरोपीला जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बंधपत्रावर सोडू शकतं. त्याच्यावर अधिकाऱ्याची देखरेख ठेवायची असेल तर ती निदान एक वर्षाची असते. २१ वर्षांखालच्या तरुणांबाबत कायदा आणखी पुढे जातो. त्यांना तुरुंगात पाठवायचं असेल तर का पाठवतोय, याची कारणं न्यायालयाला लिहून द्यावी लागतात, आणि त्याआधी अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो. अठराच्या आतल्या मुलांसाठी २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. तिथे मूल मंडळासमोर पहिल्यांदा हजर झालं की पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. कार्यालयात त्याला सरसकट 'गृहचौकशी' म्हणतात.

गृहचौकशीला गेल्यावर काय होतं?

लग्नाच्या स्थळाची चौकशी करायला आपण जातो ना, तसंच हे काम आहे. घरचे सगळं गोड सांगतात. शेजारी आधी काही बोलत नाहीत, मग चहा झाल्यावर हळूच बोलतात. कोपऱ्यावरचा दुकानदार सगळ्यात जास्त सांगतो. फरक एवढाच की स्थळाची चौकशी करायला आपण चौघं मिळून जातो, आणि ही अधिकारी बाई एकटी जाते.

एकदा एका अधिकारी बाईंबरोबर मी अशा चौकशीला गेले होते. मोबाईल चोरीचं प्रकरण होतं, मुलगा सोळा वर्षांचा. पत्र्याच्या खोल्यांची रांग, मधून वाहणारं उघडं गटार, दुपारची साडेतीनची वेळ. वस्तीच्या तोंडाशी चार पोरं कॅरम खेळत बसली होती. त्यातला एक उठून आडवा आला. "कोण पाहिजे? बँकेच्या का तुम्ही?" बाईंच्या पर्समध्ये ओळखपत्र होतं. त्यांनी ते काढलं नाही. "शाळेतून आलेय रे, दाखल्याचं काम आहे," एवढंच म्हणाल्या आणि चालत राहिल्या.

परत येताना मी विचारलं, ओळखपत्र का नाही दाखवलं? त्या म्हणाल्या, "दाखवलं असतं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या वस्तीला कळलं असतं की या घरातल्या पोराची केस चालू आहे. मग शाळेत त्याला कोण बसवून घेणार?"

या नोकरीतली खरी अडचण या एका उत्तरात आहे. पोलिसाला त्याची वर्दी सांभाळते. वर्दी दिसली की समोरचा दोन पावलं मागे सरतो. परिविक्षा अधिकाऱ्याने तसा रुबाब दाखवला तर तो स्वतः वाचेल, पण ज्या मुलासाठी गेला त्याचंच नुकसान करून येईल. बाल न्याय कायद्याने मुलाची ओळख उघड करायला मनाईच केली आहे. म्हणजे स्वतःचा अधिकार लपवूनच या माणसाला काम करावं लागतं. सुरक्षिततेचा कुठलाही कायदा करताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

धोका नुसत्या वस्तीतल्या पोरांचा नसतो. घरात बाप दारू पिऊन पडलेला असतो. चोरीचा माल विकत घेणारा 'काका' शेजारीच राहतो, आणि पोरगा त्याचं नाव सांगेल की काय या भीतीने तो अधिकाऱ्यावर नजर ठेवून असतो. अहवालाचा प्रश्न तर वेगळाच. १९५८ चा कायदा म्हणतो की अहवाल गोपनीय राहील, पण त्याचा सारांश न्यायालय आरोपीला सांगू शकतं. त्याच्या बाजूने काही सांगायचं असेल तर त्याला संधी मिळावी म्हणून ही तरतूद आहे, आणि ती न्याय्यच आहे. पण 'घरात रोज दारू पिऊन मारहाण होते' असं अहवालात आलं की बापाला बरोबर कळतं की हे कुणी लिहिलं. आणि पुढच्या महिन्यात देखरेखीसाठी त्याच घराची कडी पुन्हा वाजवायची असते.

कायद्याने या अधिकाऱ्याला काय दिलंय?

कामं भरपूर दिली आहेत. १९५८ च्या कायद्याचं कलम १४ सांगतं: आरोपीच्या परिस्थितीची आणि घरच्या वातावरणाची चौकशी करा, सुटलेल्यांवर देखरेख ठेवा, गरज पडली तर त्यांना काम मिळवून देण्याची खटपट करा, नुकसानभरपाई भरायला मदत करा. अधिकार शोधायला गेलं की मात्र पान लवकर संपतं. कुणाच्या घरात जबरदस्तीने शिरता येत नाही, झडती घेता येत नाही, अटक करता येत नाही. अट मोडली असं दिसलं तर न्यायालयाला कळवायचं. मग न्यायालयाला वाटलं तर ते वॉरंट काढेल किंवा समन्स.

अट पहिल्यांदाच मोडली असेल तर न्यायालय मूळ गुन्ह्याची शिक्षा न देता नुसता दंडही करू शकतं. किती दंड? जास्तीत जास्त ५० रुपये. १९५८ साली ही रक्कम मोठी होती, आज त्यात दोन वडापाव आणि दोन चहा होतात. 'अट मोडू नको, साहेब दंड करतील' असं अधिकाऱ्याने पोराला सांगितलं तर त्या शब्दाला वजन कुठून येणार? माझ्या मते या कायद्यातली सगळ्यात आधी बदलायची ओळ हीच आहे.

संरक्षणाची दोन कलमं आहेत. कलम १५ प्रमाणे परिविक्षा अधिकारी लोकसेवक मानला जातो, आणि कलम १६ प्रमाणे सद्भावनेने केलेल्या कामाबद्दल त्याच्यावर दावा लावता येत नाही.

आणखी एक गुंता आहे. आदेश न्यायालय देतं. कायद्याने नियंत्रण जिल्हा दंडाधिकाऱ्याचं, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचं. महाराष्ट्रात पगार आणि बदली महिला व बालविकास विभागाकडे. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथे तर तीन घरं आहेत. चौकशीला गेलेल्या बाई रात्री आठपर्यंत परत आल्या नाहीत, तर फोन करून विचारायची जबाबदारी यांपैकी कुणाची, हे कुठे लिहिलेलं नाही.

लोकसेवक म्हणून संरक्षण आहेच, मग वेगळा कायदा कशाला?

हा आक्षेप वाजवी आहे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १३२ प्रमाणे काम करणाऱ्या लोकसेवकाला रोखण्यासाठी हल्ला केला तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याला दुखापत केली तर कलम १२१ खाली पाच वर्षांपर्यंत. नुसता अडथळा आणला तर कलम २२१ खाली तीन महिन्यांपर्यंत. वीज तोडायला गेलेला वायरमन, एसटीचा कंडक्टर, वाळूचा डंपर अडवणारा तलाठी, सगळ्यांना हीच छत्री आहे. पूर्वी हल्ल्याचं हे कलम ३५३ म्हणून ओळखलं जायचं, आणि महाराष्ट्राने आपल्या राज्यापुरती त्यातली शिक्षा दोनवरून पाच वर्षांपर्यंत वाढवली होती. नव्या संहितेत ती पुन्हा दोनवर आली.

पण ही सगळी कलमं थप्पड बसल्यानंतरची आहेत. आग लागल्यावर बंब येतो तसा गुन्हा दाखल होतो. घराला आग लागू नये म्हणून वायरिंग कुणी तपासायचं, ते ही कलमं सांगत नाहीत. शिवाय तलाठ्याला मारलं तर तो तक्रार देऊन मोकळा होतो, पुन्हा त्या डंपरवाल्याच्या घरी चहा प्यायला त्याला जायचं नसतं. परिविक्षा अधिकाऱ्याला जायचं असतं. मुलाच्या बापावर गुन्हा दाखल केला की त्या मुलाबरोबरचं वर्षभराचं काम पाण्यात जातं, म्हणून माझ्या पाहण्यातले कित्येक जण तक्रारच देत नाहीत. शिव्या खाऊन घेतात, धक्काबुक्की पचवतात, आणि अहवालात 'कुटुंबाने सहकार्य केले नाही' एवढंच लिहितात. हे वाक्य वाचताना मला आता दर वेळी वाटतं, त्यामागे नक्की काय घडलं असेल?

अमेरिकेतलं विधेयक काय होतं?

परिविक्षेची कल्पनाच अमेरिकेतली. १८४१ मध्ये बॉस्टनच्या न्यायालयात जॉन ऑगस्टस नावाचा बूट शिवणारा कारागीर बसला होता. एका दारुड्याला शिक्षा होत होती. ऑगस्टसने त्याचा जामीन घेतला, तीन आठवड्यांनी त्याला शुद्धीवर आणि नीटनेटका करून परत उभा केला, आणि न्यायाधीशांनी कैदेऐवजी एक सेंट दंड आणि खटल्याचा खर्च एवढ्यावर सोडला. पुढे मरेपर्यंत, म्हणजे १८५९ पर्यंत, ऑगस्टसने जवळजवळ दोन हजार जणांना असं सोडवलं. त्याच्या हातात ना काठी होती ना हुद्दा. १८७८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने त्याच्या कामाला कायद्याचं रूप दिलं.

आज मात्र तिथल्या केंद्रीय न्यायालयांचे परिविक्षा अधिकारी बरेच वेगळे आहेत. जिल्हा न्यायालयाने परवानगी दिली तर ते पिस्तूल बाळगू शकतात. आपल्या देखरेखीखालच्या माणसाने अट मोडल्याचं सबळ कारण दिसलं तर त्याला वॉरंटशिवाय अटकही करू शकतात. अडचण तिसऱ्या माणसाची होती. समजा, अधिकारी एकाच्या घरी झडतीला गेला आणि त्याचा भाऊ अंगावर धावून आला. देखरेखीतल्या माणसाला अधिकारी अटक करू शकतो, भावाला नाही. भाऊ न्यायालयाच्या बंधपत्राखाली नाही ना! मग पोलीस येईपर्यंत थांबायचं किंवा काम अर्धवट टाकून निघायचं.

ही फट बुजवण्यासाठी २०१७ मध्ये वॉशिंग्टन राज्याचे खासदार डेव्ह रायकर्ट यांनी विधेयक आणलं. ते स्वतः पूर्वी किंग काउंटीचे शेरीफ, म्हणजे तिथल्या पोलीस दलाचे प्रमुख होते. अधिकाऱ्यावर हल्ला करणाऱ्या, त्याला धमकावणाऱ्या किंवा बळाने अडवणाऱ्या कुणालाही वॉरंटशिवाय अटक करता यावी, एवढीच त्यांची मागणी होती. १९ मे २०१७ रोजी प्रतिनिधिगृहात ते २२९ विरुद्ध १७७ मतांनी मंजूर झालं, पण सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, अडकलं आणि त्या संसदेची दोन वर्षांची मुदत संपली तशी त्याचीही संपली.

विरोध करणाऱ्यांचा मुद्दा नीट ऐकण्यासारखा होता. या अधिकाऱ्यांचं मूळ काम माणूस सावरायचं आहे. त्यांना आरोपीच्या आईला, भावाला, बायकोला अटक करायचा अधिकार दिला तर घरचे लोक दार उघडतील का? 'अडवणं' म्हणजे नक्की काय? दारात उभं राहून 'का आलात?' असं विचारणंही त्यात बसवलं गेलं तर?

मग आपल्याकडे अटकेचा अधिकार द्यावा का?

मला वाटतं, नाही. अमेरिकेत बंदूक आणि झडती आधीच त्या नोकरीचा भाग झाली आहे, म्हणून तिथे पुढचं पाऊल अटकेचं होतं. आपल्या अधिकाऱ्याकडे झडतीचाही अधिकार नाही, आणि ते मला चुकीचं वाटत नाही. वस्तीतली आई आज त्या बाईंना आत घेते, पाणी देते, 'ताई, याला जरा सांगा ना' म्हणते, कारण ताई कुणाला धरून नेत नाही. हातात बेडी आली की ती 'मॅडम' होते, आणि दार आतून बंद होतं.

अटकेचा अधिकार बाजूला ठेवला तरी अधिकाऱ्याला देण्यासारखं बरंच काही आहे. पहिलं म्हणजे माहिती. घरी जाण्याआधी त्या पत्त्यावर कोण राहतं, त्या घरातल्या कुणावर मारहाणीचे गुन्हे आहेत का, हे पोलीस ठाण्याने अधिकाऱ्याला ठरावीक दिवसांत लेखी कळवलंच पाहिजे, अशी कायद्यात तरतूद हवी. आज हे ओळखीपाळखीवर चालतं. ठाण्यात ओळखीचा हवालदार असला तर कळतं, नसला तर नाही. दुसरं, धोक्याच्या घरी दोघांनी जायचं. सोबतीला साध्या कपड्यातला पोलीस मागण्याचा हक्क अधिकाऱ्याला असावा. साध्या कपड्यातलाच, कारण वर्दीवाला गेला तर मुलाची बदनामी होते ते आपण वर पाहिलंच. तिसरं, अट मोडल्याचा अहवाल गेला की न्यायालयाने तो अमुक दिवसांत ऐकावा अशी मुदत. अधिकाऱ्याने कळवलं आणि चार महिने काहीच झालं नाही, की त्या पोराला आणि त्याच्या मित्रांना एकच धडा मिळतो: या बाईंच्या सांगण्याने काही होत नाही. अधिकाराचं वजन वाढवायचं तर बेडीपेक्षा ही मुदत जास्त कामाची आहे. ५० रुपयांचा दंडही तेव्हाच बदलून टाकावा.

आणि प्रवास. गृहचौकशीला जाणारा माणूस शेवटच्या एसटीने परत येतो. गाडीची सोय हा भत्त्याचा विषय म्हणून बघितला जातो, तो सुरक्षेचा विषय आहे.

"गुन्हेगाराच्या घरी जायचंच कशाला? टाका ना आत!"

ही प्रतिक्रिया मला कोर्टाच्या आवारातल्या चहाच्या टपरीवर नेहमी ऐकू येते, आणि ज्याचा मोबाईल चोरीला गेलाय किंवा ज्याच्या घरातलं माणूस अपघातात गेलंय त्याचा राग मी समजू शकते. पण पहिल्यांदा चुकलेला एकोणीस वर्षांचा पोरगा तुरुंगात गेला तर कुणाच्या शेजारी झोपतो, याचा विचार करा. सहा महिन्यांत तो काय शिकून बाहेर येईल? सोडून द्यायचं आणि लक्षच ठेवायचं नाही, हेही तितकंच घातक. मधला रस्ता फक्त त्या अधिकाऱ्याच्या पायांवर उभा आहे. तो अधिकारी घाबरून घरी जायचाच बंद झाला, फोनवर विचारून अहवाल लिहू लागला, तर न्यायाधीशांसमोर येणारा कागद खोटा असेल. आणि त्या खोट्या कागदावर ठरेल की कुणाला सोडायचं आणि कुणाला आत पाठवायचं. म्हणून या लोकांची सुरक्षितता हा कर्मचाऱ्यांच्या सवलतींचा प्रश्न नाही, तुमच्या-माझ्या गल्लीच्या सुरक्षिततेचा आहे.

कायदा येईपर्यंत काय चालतं?

त्या दिवशी वस्तीतून निघालो तेव्हा साडेपाच वाजले होते. बाईंनी रिक्षात बसल्यावर पर्समधून एक छोटी वही काढली. प्रत्येक पानावर तारीख, पत्ता, निघायची वेळ. मी विचारलं, हे कार्यालयाचं रजिस्टर आहे का? म्हणाल्या, नाही, आम्ही दोघी-तिघींनी आपसात ठरवलंय. निघताना या पानाचा फोटो एकमेकींना पाठवायचा, आणि सात वाजेपर्यंत 'पोहोचले' असा निरोप आला नाही तर फोन लावायचा. त्यांनी वेळ लिहिली, वही बंद केली, आणि फोन काढून एकच शब्द टाइप केला. समोरून लगेच अंगठा आला.